मोजणाऱ्याला गद्दार म्हणू नका

"अपने को क्या करना है उससे?" आपल्या घरांत मुलांना हे वाक्य कलम्यानंतर लगेच शिकवले जात असावे. नगरपालिकेचे टेंडर असो, नळाचे पाणी असो, शाळेत शिक्षक का नाहीत हा प्रश्न असो, उत्तर एकच. विषय अणुऊर्जेचा निघाला तर विचारूच नका, बुजुर्ग लगेच आवाज खाली आणतात.

मी वसमतला बारावीच्या मुलामुलींना भौतिकशास्त्र शिकवतो. अणुकेंद्राच्या धड्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अणुभट्टी वितळली तर लोकांना ते कळतं कसं?" प्रश्न उत्तम होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोठ्या भावाचा फोन आला. आवाजात अदब होती, भीतीही होती. "सर, पोराला असले प्रश्न विचारू देऊ नका. आपलं नाव बघून लोक वेगळा अर्थ काढतात."

हा लेख त्या भाईला उत्तर म्हणून लिहितो आहे. त्याची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या भीतीतून त्याने जो निष्कर्ष काढला, तो मला मान्य नाही.

आधी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. 11 मार्च 2011 रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची केंद्रातल्या चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या. पण भट्टी बंद केली तरी आतले इंधन चुलीतल्या निखाऱ्यासारखे तापतच राहते, त्यावर सतत पाणी फिरवावे लागते. त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले. केंद्र चालवणारी टेपको कंपनी मात्र 'इंधनाचे नुकसान' एवढेच म्हणत राहिली. इंधन वितळले हे तिने मान्य केले मे महिन्यात. आणि 2016 मध्ये चौकशी समितीच्या अहवालातून बाहेर आले की 'मेल्टडाउन' हा शब्द वापरू नका, अशी सूचना कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच दिली होती. कंपनीला त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. माफी आली तोवर पाच वर्षे उलटली होती.

सरकारचे काय? वाऱ्याबरोबर किरणोत्सर्ग कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी संगणक यंत्रणा जपानकडे होती. तिचे नकाशे लोकांना वेळेवर दाखवलेच नाहीत. नामिए गावचे लोक घरे सोडून त्सुशिमा भागात गेले आणि तिथे काही दिवस राहिले. किरणोत्सर्गाचा लोट नेमका त्याच दिशेने गेला होता. इताते हे गाव केंद्रापासून साधारण 40 किलोमीटरवर. सरकारने कंपास फिरवून 20 किलोमीटरचे वर्तुळ काढले होते, इताते त्याच्या बाहेर पडले, म्हणून सुरक्षित ठरले. वारा कंपास घेऊन वाहत नाही. इताते रिकामे करण्याचा आदेश निघाला एप्रिलच्या उत्तरार्धात.

या काळात इंटरनेटवर जे घडले ते आपल्या पोरांनी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे, निवृत्त अभियंते, विद्यार्थी, जपानीतून भाषांतर करणारे, कंपनीने स्वतः जाहीर केलेले दाबाचे आणि पाण्याच्या पातळीचे आकडे रोज ताडून पाहत होती. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या फोटोंवरून कोणत्या इमारतीचे काय झाले याचा अंदाज बांधत होती. यात चोरलेले काहीच नव्हते, सगळा कागद जाहीर होता. पहिल्या भट्टीतल्या पाण्याचे आकडे पुढे चुकीचे निघाले. मे महिन्यात उपकरण तपासले तेव्हा कळले की पाणी दाखवत होते त्यापेक्षा कितीतरी खाली आहे. म्हणजे खुद्द कंपनीचाच काटा खोटा होता.

काही जण आणखी पुढे गेले. आपत्तीनंतर आठवड्याभरात सेफकास्ट नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. बाजारातले गायगर काउंटर संपले होते, म्हणून त्यांनी स्वतः यंत्र जुळवले. एका मजबूत पेटीत गायगर काउंटर, जीपीएस आणि दर पाच सेकंदांनी नोंद ठेवणारी छोटी सर्किट. पेटी गाडीच्या खिडकीला बांधायची आणि रस्त्यारस्त्याने फिरायचे. पेटी जपानी जेवणाच्या डब्यासारखी दिसते, म्हणून यंत्राच्या नावात 'बेंटो' आला. पुढे हेच यंत्र कोणालाही घरी जोडता येईल अशा सुट्या भागांच्या संचात मिळू लागले.

त्यांना काय सापडले? एकाच गावात दोन गल्ल्यांचे आकडे वेगळे. सरकार सांगत होते ती सरासरी, आणि सरासरीत कोणीच राहत नाही. टोकियोतले सरकारी मोजमाप उंच गच्चीवर होत होते, पोरे मात्र खाली जमिनीवर खेळत होती. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. अनेक ठिकाणी आकडे लोकांच्या भीतीपेक्षा कमी निघाले, तेही त्यांनी तसेच छापले. अणुऊर्जा हवी की नको, यावर गटाने भूमिका घेतली नाही. सगळ्या नोंदी कोणालाही विनाअट वापरता येतील अशा खुल्या ठेवल्या. आज त्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे आहे.

त्याच दिवसांत दुसरेही काम जोरात चालू होते, तेही स्वयंसेवकच करत होते. बीबीसीच्या नावाने एक खोटा मेसेज फिलिपिन्ससह अनेक देशांत फिरला. पाऊस पडला तर घरात बसा, गळ्याला बीटाडीन लावा. त्सुनामीच्या लाटांची उंची दाखवणारा रंगीत नकाशा किरणोत्सर्गाचा नकाशा म्हणून वर्षानुवर्षे फिरत राहिला. लाल-पिवळे रंग पाहून लोक घाबरले, नकाशाच्या कोपऱ्यातले एकक कोणी वाचले नाही.

इथे मला आपल्या लोकांना जरा टोचून बोलायचे आहे. इब्न अल-हैसमने प्रकाशाचा अभ्यास कसा केला, अल-बिरुनीने पृथ्वीची त्रिज्या कशी मोजली, असे मेसेज माझ्या फोनवर दर आठवड्याला येतात. पाठवणाऱ्यांपैकी कितींनी स्वतः आयुष्यात काही मोजले आहे? आणि हदीसच्या बाबतीत आपण विचारतो, सनद काय? कोणी कोणाकडून ऐकले, मधला रावी कसा होता? हे विचारण्याची एवढी शिस्त ज्या परंपरेत आहे, तिची पोरे 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेला मेसेज डोळे मिटून पुढे ढकलतात. सेफकास्टची प्रत्येक नोंद म्हणजे सनदच आहे. कोणते यंत्र, कोणती जागा, कोणती वेळ.

आता भाईचा मुद्दा. "हे जपानमध्ये चालतं, आपल्याकडे नाही." बरोबर आहे, आपल्याकडे याची किंमत मोजावी लागलेली आहे, आणि ती मुसलमान वस्तीने मोजली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यात जैतापूरचा प्रकल्प येणार होता. 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण 9900 मेगावॅट. माडबनच्या लोकांच्या जमिनी गेल्या. शेजारचे साखरी-नाटे हे मुख्यतः मुस्लिम मच्छिमारांचे गाव. भट्टीतून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल, हा त्यांचा साधा, पोटाचा प्रश्न होता. फुकुशिमाला सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा 18 एप्रिल 2011 रोजी नाटे येथे पोलीस गोळीबार झाला आणि तबरेज सायेकर हा तरुण मारला गेला.

'विकासविरोधी', 'कोणीतरी भडकवलेले', हे शब्द तेव्हाही आले. त्याच वर्षी रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिले की जैतापूरखाली 6 तीव्रतेच्या भूकंपाची शक्यता कमी आहे, पण नाकारता येत नाही. म्हणजे जमिनीबद्दलची शंका ही अडाण्यांची भीती नव्हती. आपण मराठवाड्याचे लोक तर हे जाणतोच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा परिसर नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

आणि गुप्ततेचा फायदा कोणाला झाला? 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने केंद्रांविषयीची माहिती रोखण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले. सुरक्षेवर देखरेख करणारे नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले, पण ते ज्या आयोगाला उत्तरदायी होते त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचेच सचिव. याच मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी ही रचना बदला म्हणून वर्षानुवर्षे लिहिले. 2012 मध्ये कॅगनेही मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा केला, मंडळाला कायद्याचा आधार दिला आणि खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडले. कंपन्या आल्या म्हणजे टेपकोची गोष्ट आपल्याला जास्त लागू झाली, कमी नाही.

वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेला शेतकरी काट्याकडे डोळे लावून उभा असतो. शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन करून बघतो. मापात पाप होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कोणी देशद्रोही म्हणत नाही, व्यापाऱ्याचा शत्रूही म्हणत नाही. मग किरणोत्सर्गाचा, पाण्याचा, हवेचा काटा तपासणाऱ्याला वेगळा न्याय का?

भाई, तुझ्या भीतीतला खरा भाग मी सोडून देत नाही. अणुकेंद्राचा परिसर प्रतिबंधित असतो, सरकारी गुपितांचा कायदा कडक आहे, आणि हातात यंत्र घेतलेल्या एकट्या मुस्लिम पोराकडे पोलीस कोणत्या नजरेने पाहतील हे आपण दोघेही जाणतो. म्हणून तारापूरच्या कुंपणाशी जाऊन शौर्य दाखवा असे मी कोणाला सांगत नाही. ड्रोन उडवू नका, आत डोकावू नका. पण यातून 'गप्प बसा' हा धडा निघत नाही. जे करायचे ते उघड, गटाने, जाहीर कागदांवर करायचे. गटात पाटील, कांबळे, राठोड, शेख सगळे हवेत. केवळ सुरक्षेसाठी नाही. एकाच मोहल्ल्याने मोजलेला आकडा त्या मोहल्ल्याबाहेर कोणी मानत नाही.

हिंगोलीत अणुभट्टी नाही, मग आपला काय संबंध, असे म्हणाल तर औंढ्याला जाऊन या. दुधाळा परिसरात लायगो उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालेले 2600 कोटी रुपये. ही अणुभट्टी नाही, तिथे किरणोत्सर्ग तयार होत नाही, ती अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजणार आहे. पण प्रकल्प त्याच अणुऊर्जा विभागाचा आहे. गंमत बघा. जो विभाग भट्ट्यांबद्दल तोंड उघडत नाही, तोच आपल्या जिल्ह्यात अशी वेधशाळा बांधतो आहे जिच्या अमेरिकेतल्या बहिणी आपली आकडेवारी जगाला खुली करतात. त्या आकडेवारीत मिसळलेला गोंगाट ओळखायला 2016 पासून 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाच्या उपक्रमात सामान्य लोक इंटरनेटवरून मदत करतात. शास्त्रज्ञांच्या यादीत नसलेला एक प्रकार स्वयंसेवकांनीच ओळखून त्याला 'पेअर्ड डव्ह्ज', कबुतरांची जोडी, असे नाव दिले. हे काम कळमनुरीतली मुलगी मोबाइलवर करू शकते. त्यासाठी पदवी लागत नाही, अब्बांची परवानगी लागली तर मी फोन करीन.

मग विभागाला विचारू या. औंढ्यात खुलेपणा चालतो, तर तारापूरच्या आसपासच्या नोंदी गावकऱ्यांना कळतील अशा मराठीत, दर महिन्याला, ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागत नाहीत? हा प्रश्न विचारायला गायगर काउंटरही लागत नाही. पोस्टाचे तिकीट पुरते.

सुरुवात घरापासून करता येते. 21 मार्च 2024 ला पहाटे आणि 10 जुलै 2024 ला सकाळी आपला जिल्हा हादरला, दोन्ही वेळा तीव्रता 4.5 च्या आसपास. आपल्या तालुक्यात पांगरा शिंदेचे लोक तर कितीतरी वर्षे जमिनीतून येणारे आवाज ऐकत आहेत. जुलैच्या धक्क्यानंतर माझ्या फोनवर 'अमुक वाजता मोठा झटका येणार' असे मेसेज आले. कोणत्या गावात किती वाजता काय जाणवले, हे लिहिलेला एकही नव्हता.

पुढचा धक्का बसेल तेव्हा मेसेज नको, नोंद हवी. वहीत तारीख आणि घड्याळातली वेळ लिहा, सेकंदापर्यंत जमली तर उत्तम. गाव, घर कच्चे की पक्के, कितवा मजला, तुम्ही झोपलेले होता की उभे. आवाज आधी आला की हादरा. 'लई जोरात' असे लिहू नका. भांडी वाजली का, पंखा हलला का, भिंतीला नवी भेग पडली का, ते लिहा. काहीच जाणवले नसेल तर तेही लिहा.