पावत्या जपा, पैसे वाढू द्या
अमेरिकेत २००४पासून असलेले ‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’ अनेक जण औषधांच्या बिलापुरतेच वापरतात, याचे मला वाईट वाटते. भरलेल्या रकमेवर केंद्रीय आयकर नाही, तिच्या वाढीवर नाही, वैद्यकीय खर्चासाठी काढतानाही नाही. पात्रतेसाठी जास्त डिडक्टिबलचा विमा मात्र हवा. २०२६ची मर्यादा एकट्याला ४,४०० डॉलर, कुटुंबाला ८,७५०. पंचावन्नीनंतर आणखी १,०००. पैसे पगारातूनच कापून घ्या, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के करही सहसा वाचतो. झेपत असेल तर आजचे बिल खिशातून भरा आणि पावती जपून ठेवा. खाते उघडल्यानंतरच्या खर्चाची भरपाई कितीही वर्षांनी घेता येते, तोवर रक्कम गुंतवलेली राहते. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया, जिथे आपली मंडळी मोठ्या संख्येने आहेत, ही राज्ये मात्र आपल्या आयकरात ही सवलत मानत नाहीत. आणि भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांच्या उपचारांसाठी हे पैसे काढू नका. कायद्याने ते सहसा तुमच्यावर अवलंबून ठरत नाहीत, आणि तुमची पासष्टी उलटलेली नसेल तर आयकराशिवाय २० टक्के दंडही बसतो.