मोजदादीबाहेरचे मरण

अकोल्याहून वाशिमला जाताना वाटेत मेडशी लागते. मालेगाव तालुक्यातले, सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातले हे गाव. या मुलखाला आत्महत्या हा शब्द नवा नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशिम होता. इथे शेतकऱ्याने जीव दिला की पंचनामा होतो, सातबारा आणि कर्ज तपासले जाते, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. या पद्धतीत खोट पुष्कळ आहे. पण मरणाऱ्याला दुबळ्या मनाचा ठरवून हात झटकता येत नाहीत, कारण भोवतालच्या परिस्थितीतही शोधावे लागते, एवढे तरी त्यातून मान्य झाले.

तृतीयपंथीयांच्या वाट्याला एवढेही आलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत तृतीयपंथी किती? २८. आदल्या वर्षीही २८च! २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या 'इतर' या रकान्यात सुमारे ४ लाख ८८ हजार माणसे होती. त्यांपैकी जवळजवळ ४१ हजार महाराष्ट्रातली. हिशेब मांडला तर लाखामागे सहासुद्धा भरत नाहीत. देशाची सरासरी मात्र १२.४ होती. म्हणजे घराने हाकललेली, शाळेने हिणवलेली ही माणसे तुमच्याआमच्यापेक्षा अधिक सुखात आहेत, असे समजायचे काय? खरे कारण बहुधा साधे आहे. प्रेत ताब्यात घ्यायला येते ते जन्माचे कुटुंब, आणि कागदावर चढते ते जन्माचे नाव. जिवंतपणी नाकारलेला मुलगा मेल्यावर पुन्हा 'मुलगा' होतो.

दुखणे सुरू होते ते घरातच. बारा-तेराव्या वर्षी पोराची चाल, बोलणे वेगळे दिसू लागते. बापाचा मार, देवऋषाचा अंगारा, वर्गातली टिंगल, आणि एक दिवस शाळा सुटते. मग अकोला, नागपूर नाहीतर मुंबई. तिथे गुरू आईच्या जागी उभी राहते खरी, पण पोटासाठी बहुतेकींना हात पसरावाच लागतो. मुलगी म्हणून वाढलेल्या, परंतु मनाने पुरुष असलेल्यांना तर असा डेराही नसतो. त्यांचे लग्न लावून दिले जाते आणि विषय मिटला असे घरचे मानतात.

अमेरिकेत २०१८ मध्ये १२९ पारलिंगी तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वतः निवडलेल्या नावाने त्यांना घरी, शाळेत, कामावर, मित्रांत हाक मारली जाते का, एवढेच त्यात पाहिले होते. अशी हाक मारणारे एक ठिकाण वाढले, की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष प्रयत्न ५६ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान आहे, त्यावरून सारे सिद्ध होते असे नाही. पण नावाने हाक मारायला पैसा लागत नाही.

हे अमेरिकेचे झाले, आपल्या खेड्यात कुठले, असे कोणी म्हणेल. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांना महिलांच्या जागेवर उभे राहण्यासाठी औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली. २०२१ मध्ये गावाने त्यांना निवडून दिले. ही गावे काही मेडशीपेक्षा निराळ्या मातीची नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने त्यांना आईबापांच्या घरात राहण्याचा हक्क दिला. मात्र कलम दाखवून घरात शिरलेल्या मुलाशी कोणी बोलतही नसेल, तर तो तिथे किती दिवस राहील?

मूल एकाएकी गप्प झाले, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे म्हणू लागले, तर मरणाचा विचार येतो का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. आणि प्रयत्न झालाच असेल, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून त्याला उपचार द्यावेत, शिक्षा नव्हे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.