काजव्यांचा उजेड आणि मोटारींचे दिवे

मे महिना सरत आला की अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या वाटेवर मोटारींची रीघ लागते. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर ही स्थळे तेथे बारमाही आहेतच. परंतु वळवाच्या सरींनंतर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या फांद्यांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात, ते पाहावयास मुंबई-पुण्याचे लोक रात्रीचा दिवस करून येतात. हे वैभव आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात असावे, ही अभिमानाचीच गोष्ट होय.

परंतु अभिमानाबरोबर जबाबदारीही येते. काजव्याचा प्रकाश हा आपल्या करमणुकीचा खेळ नव्हे; तो जोडीदारास दिलेला संकेत आहे. मोटारीच्या झगझगाटात तो हरवतो. पंख फुटलेल्या काजव्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. तेवढ्यात मीलन चुकले तर पुढील पिढीच खुंटते. मादी ओलसर मातीत अंडी घालते, आणि तीच माती पाहुण्यांच्या पायांखाली तुडविली जाते.

सरसकट बंदी हा उपाय आम्हांस मान्य नाही. घाटघर, मुरशेत, पांजरे येथील आदिवासी कुटुंबांच्या चुलीस या दिवसांत आधार मिळतो. वनखात्याने एका रात्रीच्या वाहनांची संख्या ठरवून ती काटेकोरपणे पाळावी. वाहने दूर थांबवावीत, गावातलाच वाटाड्या घ्यावा, विजेऱ्या विझवून पायी जावे. काजवे पाहावयास जाणाऱ्याने आपला उजेड मागे ठेवावा, एवढेच आमचे मागणे आहे.