जुनी गाणी, थकलेला आवाज

परवा दुपारी जेवणं आटोपल्यावर आमच्या चिरंजीवांनी टीव्हीला फोन जोडला आणि डेव्हिड गिल्मोरची पॉम्पेईची मैफल लावली. "बाबा, पाच मिनिटं बघा, नाही आवडलं तर बंद करतो." मी वामकुक्षीच्या तयारीत होतो. पण पाच मिनिटांचे दोन तास कधी झाले ते कळलं नाही. चहा राहिला तो राहिलाच.

आमच्या आत्या-मावश्याही हे वाचतात, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिंक फ्लॉइड नावाचा एक इंग्लिश रॉक बँड होता. गिल्मोर हा त्यातला गिटार वाजवणारा आणि गाणारा. १९७१ साली या मंडळींनी इटलीत पॉम्पेईच्या दोन हजार वर्षं जुन्या दगडी अ‍ॅम्फिथिएटरमध्ये वाजवलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. समोर श्रोते नव्हते, फक्त कॅमेरे. पुढे बँडमध्ये बिनसलं. रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला आणि बँडचं नाव कुणी लावायचं यावरून प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. कीबोर्ड वाजवणारा रिक राइट २००८ मध्ये वारला. आणि २०१६ च्या जुलैमध्ये सत्तरीचा गिल्मोर त्याच जागी परत गेला. या वेळी समोर माणसं होती. त्याचं रेकॉर्डिंग २०१७ मध्ये बाहेर आलं, तेच आम्ही बघत होतो.

बघून झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "छान आहे, पण ओरिजिनलची मजा नाही. आवाज पूर्वीसारखा लागत नाही."

हे वाक्य दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं. कारण हेच वाक्य सध्या आमच्या घरात दुसऱ्याच एका गाण्याबद्दल चाललंय. त्याकडे येतोच.

१९७१ म्हटलं की मला पॉम्पेई आठवत नाही, लॉर्ना आठवते. लॉर्ना कॉर्देरो. त्याच साली एचएमव्हीने तिच्या कोंकणी गाण्यांच्या तबकड्या काढल्या. वाडीहून बांदा आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडलं की गोवाच, त्यामुळे पणजी आकाशवाणी आमच्याकडे घरच्यासारखी लागायची. शेजारच्या ख्रिश्चन घरातला रेडिओ मोठ्याने असे आणि आमची आई मासे साफ करता करता लॉर्नाच्या चालीवर मान हलवत असे. शब्द सगळे कळायचे असं नाही, पण त्या आवाजातला ठसका कळायचा.

या गाण्यांचे शब्द, चाली आणि ट्रम्पेट ख्रिस पेरीचं. मडगावचा हा माणूस मुंबईत बँड चालवायचा आणि लॉर्ना त्याच्या बँडची गायिका. सत्तरच्या दशकात दोघं वेगळी झाली आणि लॉर्नाने गाणंच सोडलं. थोडेथोडके नाही, वीसहून जास्त वर्षं. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने तिला पुन्हा माइकसमोर आणलं, 'हॅलो लॉर्ना' नावाचा अल्बम निघाला आणि ती परत स्टेजवर उभी राहू लागली. ख्रिस पेरी २००२ मध्ये गेला. या दोघांच्या कहाणीवर बेतलेला 'नाचोंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट २०१४ च्या शेवटी आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

परत आल्यावर लॉर्नाने नवी गाणी गायली, पण लोकांना हवी होती ती पेरीच्या बँडमधलीच. ती तिने म्हटली. तिच्या अशा कार्यक्रमांची चित्रणं यूट्यूबवर आहेत, जरूर बघा. आवाज जाड झालाय, कुठे कुठे खरखरतो. पूर्वी जिथे सूर लांब ओढायची तिथे आता पटकन सोडून देते. पण समोरचे लोक गाणं तिच्या तोंडातून काढून घेतात आणि पुढे म्हणतात. तबकडीवर हे नाही. तबकडीवर फक्त एक तरुण मुलगी आहे. तिला पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. म्हातारपणी जुन्या बँडची गाणी पुन्हा म्हणणाऱ्याला जुन्या रेकॉर्डशी ताडून बघणं हा अन्याय आहे. जुनी रेकॉर्ड कुठे पळून गेलेली नाही, ती कपाटात आहे. तिच्यासारखंच हुबेहूब हवं असेल तर तीच लावा. नव्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकायचं ते मधल्या काळात काय झालं ते. कोण गेलं, कोणाशी भांडण झालं, कोणाचा सूर आता दुसऱ्याला भरावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं पैशासाठी चालतं. असेल. जुन्या गाण्यांशिवाय तिकिटं खपत नाहीत हे खरंच आहे. वॉटर्स २००७ च्या फेब्रुवारीत मुंबईत आला तेव्हा त्यानेही पिंक फ्लॉइडचा एक अख्खा जुना अल्बमच वाजवला. पुढे २०२३ मध्ये तोच अल्बम त्याने स्टुडिओत बसून नव्याने केला, बराचसा बोलल्यासारखा, खालच्या आवाजात. मला तो फारसा रुचला नाही. थकलेल्या आवाजाला समोर माणसं लागतात असं माझं मत झालंय. रिकाम्या खोलीत तो नुसता थकलेला वाटतो.

आता घरची गोष्ट.

नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, पण इतरांसाठी सांगतो. आमचे अण्णाकाका तरुणपणी भजनाच्या बारीत मागे धरायचे. चाली बुवांच्या, पण कोरसमधला वरचा आवाज काकांचा. डबलबारीला लोक बुवांना ऐकायला यायचे आणि घरी जाताना काकांबद्दल बोलायचे. कदाचित तिथेच माशी शिंकली. काय झालं ते मला नीट ठाऊक नाही, पण काका मंडळातून बाहेर पडले. नंतर घरच्या आरतीला टाळ वाजवायचे, पण ते गजर कधी म्हटले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "चाल बुवांची. ती मी कशाक म्हणू?" तीसेक वर्षं एवढंच उत्तर. मध्ये बुवा वारले. काका तेव्हा गेले होते, पण घरी येऊन काही बोलले नाहीत.

काका गेल्या पौषात गेले. त्याआधीच्या चतुर्थीला, आरत्या झाल्यावर, कुणीही न सांगता त्यांनी पेटी पुढे ओढली. मी गडबडीत मोबाइल सुरू केला. पूर्वी काळी चारमध्ये म्हणायचे, त्या दिवशी पांढरी एक धरली. मधे कढईचा आवाज आहे, धाकटीच्या मुलाचं रडणं आहे. वरची जागा आली तेव्हा आवाज पोचला नाही. काका थांबले, हसले, आणि वाड्यातल्या पोरांनी ती जागा भरून काढली. नंतर म्हणाले, "आवाज थकलो, चाल नाय थकली."

आता वर्षश्राद्धाला काय लावायचं यावरून घरात दोन तट पडलेत. मुंबईच्या दादाकडे १९८६ च्या बारीची कॅसेट आहे, त्यात काकांचा आवाज नुसता तळपतो. "लोकांनी त्यांना तसंच आठवावं" असं दादाचं म्हणणं. माझं रेकॉर्डिंग त्याने कॉम्प्युटरवर साफही करून पाठवलं. रडणं काढलं, कढई काढली, सूर थोडा वर चढवला. मेहनत घेतली, प्रेमानेच घेतली. पण दादा, रागावू नकोस, तू सुरुवातीची सात-आठ सेकंदं कापलीस. तुला ती खाकरण्यातच गेली असं वाटलं असेल. पेटीचा भाता हलवताना काका तिथे हळूच म्हणतात, "बुवांची चाल हा. चुकलय तर बुवांनी माफ करूक व्हया."

तीस वर्षांत काकांच्या तोंडून बुवांबद्दल निघालेलं हे एकच चांगलं वाक्य मी ऐकलंय. ते कॅसेटमध्ये असणं शक्यच नाही, कारण तेव्हा माफी मागण्यासारखं काही झालेलंच नव्हतं.

कॅसेट जपूया, तिची प्रत काढून सगळ्यांना देऊया. माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी पानं मांडण्याआधी चतुर्थीचंच लावावं असं मला वाटतं, कढईच्या आवाजासकट. बुवांच्या घरच्यांनाही बोलवावं. ते येतील की नाही माहीत नाही. बोलावणं मात्र जायला हवं, आणि ते फोनवरून नको, मी स्वतः जाऊन करीन.

चिरंजीवांना हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रात्री त्यांच्या खोलीतून पुन्हा पॉम्पेई ऐकू येत होतं. असो.