'खुशाल जा' म्हणण्यापूर्वी

आमच्या गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक गेल्या वर्षी जुलैत सपत्नीक मुलाकडे अमेरिकेला गेले. निघण्यापूर्वी गुरुजी दवाखान्यात आले होते. वय ६९, रक्तदाब जुना. मी कार्डिओग्राम काढला, रक्तदाब मोजला आणि 'खुशाल जा' म्हणालो. तिकडे कुठे फिरणार, हे विचारलेच नाही. चूक माझी.

मुलगा डेन्व्हरला असतो. हे शहर सुमारे १६०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढे. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मंडळी मोटारीने निघाली. मुलाची रजा आठ दिवसांची. तेवढ्यात रॉकी माउंटन, ग्रँड टिटन आणि यलोस्टोन ही तीन राष्ट्रीय उद्याने पाहायची होती. रॉकी माउंटन उद्यानातला ट्रेल रिज रस्ता ३७१३ मीटरपर्यंत चढतो. वर पोचताच गुरुजींचे डोके ठणकू लागले, चार पावलांत धाप लागली. "काही नाही, थंडीने होतंय," ते म्हणाले.

बाईंनी मात्र पिशवीतल्या गोळ्या मोजल्या. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी गुरुजींनी दोन दिवस घेतलीच नव्हती. सारखी गाडी कशी थांबवायची, हा संकोच! पाणीही त्याच कारणाने कमी. बाईंनी तिथूनच गाडी मागे वळवायला लावली. खाली येता येता धाप कमी झाली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून गोळी पुन्हा सुरू केली, विश्रांती सांगितली.

"या वयात हवे कशाला हे हिंडणे?" असे आता लोक गुरुजींना ऐकवतात. मला ते मान्य नाही. जन्मभर संसार आणि नोकरी केलेल्या जोडप्याने डोंगर का पाहू नयेत? चूक जाण्यात नाही, घाईत आहे. प्रवासाचा बेत मुलांच्या रजेवर नव्हे, आईवडिलांच्या तब्येतीवर ठरावा.

उंचावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीराला ही सवय व्हायला काही दिवस लागतात. म्हणून चढ टप्प्याटप्प्याने करा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच नको. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर ताबडतोब खाली उतरा आणि डॉक्टर गाठा. लडाखला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

गोळ्या मनाने बंद करू नका. वेळ बदलायची असेल तर आधी विचारा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करा. पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो आणि लघवीचा प्रश्नही आपोआप सुटतो.

आठवड्याभराने दोघे सावकाश यलोस्टोनला गेले. तिथला 'ओल्ड फेथफुल' हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उसळतो. दोघांनी बाकावर बसून तो दोनदा पाहिला. ग्रँड टिटन राहिले, त्याची खंत नाही.

मी मात्र आता प्रत्येकाला विचारतो. तेव्हा प्रवासाला निघण्यापूर्वी दवाखान्यात याल, तेव्हा रिपोर्टांबरोबर बेताचा कागदही आणा.