खंडेनवमीचे कुंकू आणि कपाटातले रिव्हॉल्व्हर

खंडेनवमीला आपल्या भागात विळ्या-कोयत्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागते. कानडी शेजारी त्याला आयुधपूजा म्हणतात आणि कोहळा फोडतात, आपण नारळ फोडतो. एवढाच काय तो फरक. चोर्ला घाट उतरून खाली डिचोलीकडे किंवा तसेच पुढे पेडण्याकडे गेलात, तर काही जुन्या घरांत त्या दिवशी पाटावर परवान्याची बंदूकही मांडलेली दिसते. क्वचित एखाद्या घरात तिच्या शेजारी, कातडी म्यानातून काढलेले, आजोबांच्या काळातले रिव्हॉल्व्हर असते. त्यावर ओल्या कुंकवाचे बोट उठते, दोन फुले पडतात आणि संध्याकाळी ते पुन्हा म्यानात घालून कपाटात जाते, ते थेट पुढच्या नवमीला बाहेर येण्यासाठी. कुंकवाच्या त्या ओल्या बोटाखाली पोलाद वर्षभर गंजत राहते. गंज म्हणा की तुक्कु म्हणा, लोखंडाला दोन्ही भाषा सारख्याच समजतात.

गोव्यातल्या या दोन तालुक्यांत बंदूक घरात असते ती मुख्यतः शेतीसाठी. रानडुकरे, माकडे, गवे यांनी काजू-नारळाच्या बागायतदाराला रडकुंडीला आणलेले असते. त्या कामी बारा बोअरची लांब बंदूक. रिव्हॉल्व्हर हे स्वसंरक्षणाच्या नावाखाली घेतलेले हत्यार आणि नागरी परवान्यावर ते बहुधा पॉइंट ३२ बोअरचे असते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे आपले देशी रिव्हॉल्व्हर हे ब्रिटिशांच्या वेब्ली मार्क चारचेच भावंड. वरची कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही टोपणे एकदम वर येतात. त्याच कारखान्याच्या परंपरेतले ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आले, आणि ‘प्रबल’ २०२३ मध्ये. त्यात चक्री बाजूला उघडते. पण या लेखाचा विषय नवे नाही, जुने आहे.

कॉलेजात एनसीसीचे काम पाहिल्यामुळे असल्या वस्तूंबद्दल लोक मला विचारतात. पहिला प्रश्न हटकून असतो, ‘डबल अ‍ॅक्शन म्हणजे दोन गोळ्या का हो?’ नव्हे. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो, मग चाप. डबल अ‍ॅक्शनमध्ये एकटा चापच दोन्ही कामे करतो: घोडा मागे नेतो आणि सोडतो. त्याच ओढीत एक छोटा पंजा चक्रीला एक घर पुढे ढकलतो आणि खालून एक खुंटी वर येऊन चक्री जागेवर अडकवते. हे सगळे एका ओढीत व्हायचे म्हणून चाप जड लागतो. तो जडपणा हा दोष नाही, ती त्या यंत्राची रचनाच आहे.

पोर्तुगीज सैन्यात अशाच जातीचे ‘अबादी’ नावाचे रिव्हॉल्व्हर होते, अधिकाऱ्यांचे १८७८ चे आणि घोडेस्वारांचे १८८६ चे, बनावट बेल्जियममधल्या लिएजची. त्याची गंमत अशी की काडतूस घालायची बाजूची खिडकी उघडली की चापाचा घोड्याशी संबंध तुटतो. मग चाप ओढत चक्री एकेक घर फिरवायची आणि भरायचे; घोडा हलतच नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र बनवले, याचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडच्या अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरांत एवढीही सोय नसते. घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला, आणि वस्तू हातातून फरशीवर पडली तर बार उडू शकतो. म्हणूनच जुने जाणकार सहापैकी एक घर, घोड्याखालचे, रिकामे ठेवत. घरात ठेवायचे तर माझ्या मते सहाही रिकामी हवीत आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.

आता निगा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पेडण्याच्या हरमल-मोरजी पट्ट्यात त्यात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर, डिचोलीत खाणपट्ट्यातल्या तांबड्या धुळीची. तेलावर बसलेली ही धूळ पॉलिश कागदासारखे काम करते. पोलादावरचा निळसर काळा रंग हा रंग नव्हेच, तो एक पातळ थर असतो आणि तेल धरून ठेवणे एवढीच त्याची ताकद. जुन्या हत्यारावर तो कडांना उडालेला असतो. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा, परवानाधारकाने स्वतः, सगळी घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहून, हात पुसून काम करावे. सुती फडके आणि शिलाई मशीनचे तेल पुरते. थेंब दोन थेंब. जास्त तेल आत उतरते, घट्ट होते आणि यंत्र चिकटते. खोबरेल तर नकोच, ते खवट होऊन गोंदासारखे बसते. चिंच, राख, पितळ घासायची पूड यांनी लखलखीत करण्याचा मोह काही गृहिणींना होतो. त्याने निळा थर जातो आणि पुढच्या पावसात तांबडा येतो. लाकडी मुठीच्या पट्ट्यांखाली ओल सर्वांत जास्त साठते, तिथे कुणी बघत नाही.

आणि ते कातडी म्यान! कातडे ओल शोषून घेते, कमावतानाचे क्षारही त्यात असतात. म्यान वेगळे, हत्यार वेगळे. हत्यार कोरड्या सुती कापडात, सोबत सिलिका जेलची पुडी. पूजेला कुंकू हवेच असेल तर कोरडे लावा, किंवा पाटाला लावा, आणि त्याच दिवशी पुसा. देवी रागावत नाही.

‘चाप जरा हलका करून घेऊ या’ असे म्हणणारे हौशी हमखास भेटतात. स्प्रिंगचे दोन वेढे कापायचे, दातऱ्यावर कानस फिरवायची. याने कधी घोडा कमी जोराने पडतो आणि काडतूस वाजत नाही. कधी, त्याहून वाईट, मागे ओढलेला घोडा आपोआप सुटतो. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्र दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणजे ओळखीचा फिटर किंवा लेथवाला चालत नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरची खरी सुधारणा परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच होते. तो पाहतो ते असे: चक्रीचे घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबते का, थांबल्यावर चक्री हलते का, नळीच्या सांध्याचे बिजागर सैल झाले का. घर जरा तिरके थांबले तर गोळीचा शिशाचा तुकडा बाजूला उडतो, तो शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतो. दुरुस्त होत नाही असे त्याने सांगितले, तर ऐकावे.

निवडणुका आल्या की आणखी एक भानगड. जिल्ह्याची छाननी समिती परवाने तपासते, आणि नोटीस आली की शस्त्र जमा करावे लागते. गोव्यात लोकसभेचे मतदान २०१९ मध्ये २३ एप्रिलला झाले, २०२४ मध्ये ७ मे रोजी; म्हणजे आचारसंहिता ऐन काजूच्या हंगामात. बागायतदाराची तक्रार रास्त आहे. जमा करण्यापूर्वी तेलाचा हात फिरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, नंबर लिहून ठेवा, पावती घ्या.

खरा पेच मात्र परवानाधारक गेल्यावर पडतो. माझी एक आतेबहीण बेळगावची, दिली डिचोली तालुक्यात. तिचे सासरे वारले. धाकटे दीर नोकरीनिमित्त इकडे बेळगावात. तिचा फोन आला, ‘दादा, भाऊजी म्हणतात, बाबांची आठवण म्हणून रिव्हॉल्व्हर मी नेतो. गाडीच्या डिकीत घालून दोन-अडीच तासांचा तर रस्ता.’ मी तिला सांगितले, डिकी उघडूसुद्धा देऊ नकोस.

परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. माणूस गेला की ते हत्यार घरात असणेही बेकायदा ठरते. एकविसाव्या कलमाप्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. वारसाला परवाना मिळू शकतो, पण त्याने आपल्या राहत्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, इतर वारसांची हरकत नसल्याचे लिहून घेऊन. मधे राज्याची सीमा आली म्हणून नियम सैल होत नाही, उलट परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो हेही लिहिलेले असते. शस्त्र नियम २०१६ मध्ये एक चांगली सोय आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली, की तो हयातीतच वारसाच्या नावे ते करून देण्यासाठी अर्ज करू शकतो. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ, तसाच हाही. आणखी एक: एका माणसाला आता दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. कोडगूच्या कोडवांना परवान्यातून जुनी सूट आहे आणि २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली, हे आपल्या कानडी मित्रांकडून ऐकून कुणी फसू नये. ती सूट त्यांची.

आतेबहिणीच्या घरी दोघे भाऊ बसले. थोरल्याला ते घरात नको होते, नातवंडे लहान. धाकट्याला आठवण हवी होती. शेवटी रिव्हॉल्व्हर पावती घेऊन जमा झाले, दिरांनी इकडे अर्ज केला आहे. मिळेल न मिळेल. रिकामे कातडी म्यान मात्र त्यांनी लगेच नेले, त्याला परवाना लागत नाही. नंतर आठवड्याने माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात अकरा जुनी काडतुसे सापडली. तीही त्याच कायद्यात येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले भाऊजी डबा घेऊन पुन्हा ठाण्यावर गेले आणि त्याचीही वेगळी पावती घेऊन आले.