झीज विकत मिळत नाही

गेल्या नाताळापूर्वी बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामात गायनवृंदासाठी बेस गिटार घ्यावी असे ठरले आणि वर्गणी सुरू झाली. आमची कुटुंबे मोजकी आणि गावोगाव विखुरलेली. कोणी शाळेत शिकवतो, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी मलकापूरला रेल्वेच्या नोकरीत. त्यांनी दिलेला रुपया घरखर्चातून बाजूला काढलेला होता. सभेच्या दिवशी मुंबईहून आलेल्या एका हौशी नातलगाने सांगितले, की घ्यायची तर ‘१९६२ ची’ घ्या. म्हणजे आज बनवलेली, पण स्क्रूपासून रंगापर्यंत १९६२ सारखी. बाकी सारी खेळणी! किंमत लाखांच्या घरात होती. मुलांचे डोळे चमकले आणि वडीलधाऱ्यांनी माना खाली घातल्या. आपल्याला परवडत नाही ते खरे आणि परवडते ते खोटे, असा न्याय त्या दिवशी कोणीही न बोलता मान्य केला. त्या न्यायाविरुद्ध आम्हांला बोलायचे आहे.

प्रथम वाद्य समजून घेऊ. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचे विजेवर चालणारे वाद्य. गाण्याच्या तळाशी राहून ताल आणि स्वर यांची गाठ बांधणारे. त्यापूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस करीत असे. त्याला पडदे नसत, स्वर अंदाजाने धरावा लागे आणि तो वाहून नेणे हीच एक शिक्षा होती. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर ह्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ मध्ये ह्याला तोड काढली. ३४ इंच लांबीच्या तारा, दांडीवर पडदे आणि गळ्यात अडकवता येईल असे लाकडी धड. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून नाव ठेवले ‘प्रिसिजन’. गंमत अशी, की लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवू शकत नव्हता. वादकांना वाद्य द्यावे, त्यांची गाऱ्हाणी ऐकावीत आणि पुढच्या वाद्यात सुधारणा करावी, ही त्याची रीत.

ह्या रीतीतच आमचा पहिला मुद्दा दडला आहे. ते वाद्य कधी स्थिर नव्हतेच. १९५४ मध्ये धडाच्या कडा अंगाला लागू नयेत म्हणून उतरत्या केल्या. १९५७ मध्ये तारांचे कंपन टिपणारा पिकअप दोन तुकड्यांचा झाला व विजेची गुणगुण कमी झाली. १९५९ च्या सुमारास दांडीवर शिसवीची पट्टी आली. १९६० मध्ये अरुंद दांडीचा ‘जॅझ बेस’ निघाला. आणि ज्या १९६२ सालाची आज पूजा चालते, त्याच सालाच्या मध्यावर शिसवीची जाड सपाट पट्टी जाऊन पातळ वाकवलेली पट्टी आली. मग ‘१९६२ ची हुबेहूब’ म्हणजे कोणती? फेब्रुवारीची की नोव्हेंबरची? कारखान्यातल्या माणसांना आपण इतिहास घडवतो आहोत हे ठाऊक नव्हते. ती मालाची मागणी पुरी करीत होती. आपण मात्र त्यांच्या एका चालत्या पावलाचा पुतळा करून ठेवला आहे.

तरीही ‘हे सगळे थोतांड आहे, नाद बोटात असतो’ असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. जुन्या वाद्यांची ओढ अकारण निर्माण झालेली नाही. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरचा कारखाना सीबीएस ह्या बलाढ्य कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला. पुढील वर्षांत उत्पादन वाढले, पण घडणीविषयी तक्रारी येऊ लागल्या. वादक जुनी वाद्ये शोधू लागले, जपानी कारखाने त्यांच्या सुबक नकला करू लागले. तेव्हा कुठे १९८२ मध्ये कंपनीने १९५७ व १९६२ च्या नमुन्यांवर नवी वाद्ये काढली, आणि १९८५ मध्ये कंपनी तिच्यातल्याच व्यवस्थापक मंडळींकडे गेली. तो रीइश्यू ही एक प्रकारची कबुली होती: आम्ही चुकलो, आमचे पूर्वज बरोबर होते. अशा कबुलीचा आम्ही आदरच करतो. दांडीची रुंदी, पिकअपची जागा, धडाचे लाकूड ह्यांतला फरक हाताला आणि कानाला खरोखर कळतो. प्रिसिजनची दांडी वरच्या टोकाला सुमारे पावणेदोन इंच, तर जॅझची दीड इंच. हा पाव इंचाचा फरक ज्याने तासभर वाजवले त्याच्या मनगटाला विचारावा.

आमचा झगडा अचूकपणाशी नाही, अचूकपणाच्या उलट्या क्रमाशी आहे. एक उदाहरण घ्या. जुन्या प्रिसिजनवर सर्वांत बारीक तारेच्या खाली लाकडाचा एक लहानसा तुकडा बसवलेला असे. वादक अंगठ्याने तार छेडील आणि उरलेली बोटे ह्या तुकड्याला धरून ठेवील अशी ती योजना होती. वादक बोटांनीच वाजवू लागले आणि तुकडा निरुपयोगी ठरला. १९७४ च्या सुमारास तो पलीकडच्या बाजूस, अंगठा टेकवायला गेला. आजच्या काटेकोर आवृत्तीत तो पुन्हा जुन्या जागी बसवतात. तिथे त्याला कोणी हात लावत नाही. तो केवळ साक्षीला उभा असतो.

घोडीवरच्या चकचकीत झाकणाची गोष्ट ह्याच्या उलट. त्या झाकणाखाली स्पंजाची पट्टी असे. ती तारांना दाबी आणि नाद आखूड, गोलसर होई. डेट्रॉइटच्या मोटाउन गाण्यांमध्ये जेम्स जेमरसनने १९६२ च्या प्रिसिजनवर जे वाजवले, त्यात ह्या पट्टीचा आणि सपाट गुंडाळीच्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांचा मोठा वाटा आहे. आजचा ग्राहक काय करतो? स्क्रूची खाच जुन्या पद्धतीची आहे की नाही हे भिंग लावून पाहतो आणि पहिल्याच दिवशी झाकण काढून पेटीत टाकतो. वर खणखणीत नव्या तारा चढवतो आणि विचारतो, तो जुना नाद का येत नाही? डोळ्याला पटेल ते सारे सांभाळले आणि कानासाठी होते ते फेकून दिले. ह्याला अचूकपणा म्हणायचे असेल तर दांभिकपणाला दुसरा शब्द शोधावा लागेल.

काही ठिकाणी तर अचूक न राहणे हेच कर्तव्य असते. जुन्या वाद्यांवरील शिसवीची पट्टी बहुधा ब्राझीलच्या शिसवीची होती. ते झाड इतके तोडले गेले, की १९९२ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद आहे. त्याची जागा आपल्या भारतीय शिसवीने घेतली. २०१७ मध्ये तिच्यासह शिसवीच्या साऱ्या जातींवर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ अखेर सूट मिळाली. आपल्या आजोबांच्या घरी ज्या लाकडाचे पलंग आणि कपाटे होती, ते लाकूड वाद्यावर ‘कमअस्सल’ ठरवणाऱ्याला काय म्हणावे? जंगल वाचवण्यासाठी बदललेली पट्टी ही त्या वाद्याची उणीव नव्हे, अब्रू आहे.

आता सर्वांत मोठ्या खोटेपणाकडे वळू. १९९५ च्या सुमारास त्याच कारखान्याने नवे वाद्य मुद्दाम झिजवून विकण्याची प्रथा रूढ केली. रंग खरवडायचा, धातू काळवंडवायचा, जिथे हात टेकतो तिथले रोगण उडवायचे. झीज जितकी अधिक तितकी किंमतही अधिक! खामगावला आपण रजतनगरी म्हणतो. तिथला ग्राहक चांदीचा चोखपणा पाहतो. उद्या एखाद्याने नवी समई धुरात काळी करून ‘पणजीच्या काळची’ म्हणून अधिक दराने पुढे केली, तर आपले लोक त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढतील काय? मग गिटारीला हा न्याय का नाही? खरी झीज म्हणजे रात्रीच्या रात्री वाजवलेल्या कार्यक्रमांचा, घामाचा आणि प्रवासाचा लेख. न केलेल्या श्रमांचा लेख लाकडावर कोरून घेणे हे, ग्राहकाला ठाऊक असले तरी, खोट्या साक्षीच्याच घरातले आहे.

मिरजेकडे पाहा. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कलेची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी. नव्या तंबोऱ्यावर ओरखडे काढून तो जुना भासवणारा मिरजकर कारागीर आमच्या ऐकिवात नाही. तो जवारी लावतो, कान देतो, पुन्हा लावतो. त्याची निष्ठा नादाशी आहे, म्हणूनच त्याचे नवे वाद्य जुन्या परंपरेतले ठरते.

आणि आपल्याच समाजातील वादक आठवा. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा ठरलेल्या कित्येक गोमंतकीय ख्रिस्ती वादकांपैकी टोनी वाझ हे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवीत. त्या काळी परकीय चलनाचे निर्बंध कडक होते, परदेशी वाद्य मिळणे दुर्मीळ. देशभरातील हौशी वादकांनी कोलकात्याला बनलेल्या गिटारींवर बोटे घासली, लग्ने गाजवली, मिस्सा सजवल्या. ती गाणी ऐकताना वाद्याच्या स्क्रूची तारीख आपण कधी विचारली? ज्यांच्यासाठी वाद्य ही भाकरी होती त्यांनी नाद मागितला. ज्यांच्यासाठी ते दिवाणखान्याची शोभा झाले आहे ते सनद मागतात.

पॉल मॅकार्टनी याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली. ती सापडल्याची बातमी २०२४ मध्ये जगाला कळली. मधल्या काळात त्या वाद्याच्या काटेकोर प्रतिकृती बाजारात होत्याच. तरीही शोध थांबला नाही. कारण हरवले होते ते एक आयुष्य, नमुना नव्हे. परत आलेले वाद्य दुरुस्तीला आलेले होते, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडले नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. निर्मात्याने वाद्यावर साल छापले तर ते वचन समजावे. काय तसेच ठेवले, काय बदलले आणि का, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. हाताला आणि कानाला कळते ते आधी सांभाळावे, डोळ्याला दिसते ते नंतर. झीज विकू नये. आणि ज्यांच्यापाशी पैसे आहेत त्यांनी खुशाल १९६२ चे रूप घ्यावे, पण त्या रुपयांच्या उंचीवरून इतरांच्या वाद्याला खेळणे म्हणू नये.

आमच्या सभेत अखेर एका आजीबाईंनी तोंड उघडले. ‘बाबांनो, गाणं कोणत्या सालचं बसवणार ते आधी सांगा,’ असे त्या म्हणाल्या आणि सारे हसले. गायनवृंदाने साधी नवी बेस घेतली. उरलेल्या पैशांत एक बरा स्पीकर आला. नाताळच्या मध्यरात्री तिचा पहिला स्वर उमटला तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही सरसावून बसली. त्या वाद्यावर आज एकही ओरखडा नाही. पडतील. ते आमच्या मुलांच्या हातून पडतील, आणि त्यांची किंमत कोणालाही ठरवता येणार नाही.